सहकुटुंब यावे
‘२ + ३आय हे एक मूळ आहे, बहुपदी काढा’ एवढे वाचले की माझी मान आपोआप ताठ होते. आय म्हणजे वजा एकचे वर्गमूळ, आणि उत्तर पाठ आहे ना! लग्नपत्रिकेवर नाव एकाचे असले तरी खाली ‘सहकुटुंब’ असतेच. तसे या मुळाबरोबर २ − ३आय येणारच. बेरीज ४, गुणाकार १३, म्हणून क्षचा वर्ग − ४क्ष + १३. मान ताठ राहते ती इथपर्यंतच. कारण ही अनुबद्ध जोडी जमते ती सहगुणक वास्तव असले तरच, आणि ती अट प्रश्नात छापलेलीच नाही. वास्तव सहगुणकांना आय आणि वजा आय यांतला फरक कळत नाही. एकाला आत घेतले की दुसऱ्यालाही पाट मांडावा लागतो. अटच नसेल तर क्ष − (२ + ३आय) ही एका कोटीची बहुपदी बिनतोड उत्तर आहे. शिवाय माझ्या उत्तराला कुठल्याही बहुपदीने गुणा, मूळ जागचे हलत नाही. म्हणजे माझ्या विद्वत्तेचे फळ काय, तर अगणित उत्तरांतले एक.

कुणी म्हणेल, असल्या काल्पनिक संख्या वसमतच्या हळदीच्या बाजारात कोण विचारतो? दोष नावाचा आहे. गणिती कार्दानोने १५४५ मध्येच बेरीज १० आणि गुणाकार ४० असलेली अशाच संख्यांची जोडी मांडून दाखवली होती. ‘काल्पनिक’ हा शिक्का देकार्तने १६३७ मध्ये मारला. खरे तर आयने गुणणे म्हणजे पाव फेरी वळणे. दोनदा वळा, तोंड थेट उलट दिशेला: वजा एक. हे समजायला लांब कशाला जायचे, औंढा नागनाथ पुरे! कीर्तनाची अडचण होते म्हणून पुजाऱ्यांनी नर्सीच्या नामदेवांना देवळामागे पाठवले, तर पूर्वेकडे तोंड असलेले देऊळच पश्चिमेला फिरले, अशी आख्यायिका आहे. पहिल्या पाव फेरीला देवळाचे तोंड उत्तरेला असणार, ना पुजाऱ्यांकडे ना नामदेवांकडे. तीच ती काल्पनिक संख्या. ‘उत्तरेकडून कशावरून, दक्षिणेकडून का नाही?’ हा आक्षेप मला फार आवडतो. आयने दोनदा वळा की वजा आयने, पोचाल पश्चिमेलाच. कीर्तन ऐकणाऱ्यांना फरक कळला नसता, सहगुणकांनाही कळत नाही.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. अट न छापणारा प्रश्न सुखरूप राहतो आणि क्ष − (२ + ३आय) लिहिणाऱ्या पोराला शून्य मिळते. तेही बहुधा मागच्याच बाकावरचे असते.