बूटपाहे काका

जाफराबादेत बूटपाहे काका गल्लीगणिक एक तरी निघतात. त्यांचा रामराम उकिडवा असतो. पाहुणा गाडीतून उतरायच्या आत काका पुढच्या चाकामागे मान घालतात. "स्टेअरिंग पूर्ण मारा बरं उजवीकडं." मारलं की निकाल येतो: "बूट फाटलाय."

हा निकाल बाजारात लागतो, सावडायला आलेल्यांच्या गाड्यांनाही लागतो. नवरीच्या पाठवणीला बायका रडत असतात, तेव्हा काका रिमच्या आतून बोटावर काळं ग्रीस काढून ते जावयाला दाखवतात. जावई बापडा सोवळ्यातलं काही असेल म्हणून हात जोडतो.

बूट म्हणजे ॲक्सलच्या सांध्यावरची घड्याघड्यांची रबरी टोपी. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी घरोघर झाली. चाक वळतं, खड्ड्यात उतरतं, तरी इंजिनाची ताकद त्याला सलग मिळावी म्हणून बाहेरच्या सांध्यात सहा गोळ्या ग्रीसमध्ये फिरतात. रबर तडकलं की ग्रीस बाहेर उडतं आणि टेंभुर्णीच्या रस्त्यावरची काळी माती आत शिरते. पुढे वळणावर कटकट सुरू होते. कटकटीआधी काम केलं तर बूट, क्लिपा, ग्रीस आणि मजुरीवर भागतं. नंतर सांधा किंवा अख्खा ॲक्सलच.

गॅरेजात काका बिनपगारी फोरमन. हब नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा, मग गाडी स्टँडवर, लोअर आर्म सोडून ॲक्सल बाहेर. सांधा रॉकेलने धुऊन झाला की काका चिमटीत घेतलेलं उरलंसुरलं ग्रीस कानाजवळ चोळतात. कचकच आली तर पुन्हा धुवा! नवा बूट, नवं काळं ग्रीस. शेवटची क्लिप आवळण्याआधी बुटाच्या कडेखाली स्क्रू ड्रायव्हर घालून कोंडलेली हवा सोडायची. पोराने हे आधीच केलं, तर काका दिवसभर नाराज.

त्यांची स्वतःची गाडी जुनी ओम्नी. तिचं इंजिन सीटखाली, ताकद मागच्या चाकांना. पुढे ॲक्सल नाही, म्हणजे बूटही नाहीत. मिस्त्री यावरून त्यांना मनसोक्त छळतात. तरी पुण्याला निघणारे, काकांना शिव्या घालणारेसुद्धा, गाडी मुद्दाम त्यांच्या ओट्यासमोर चाकं वळवून लावतात. शोरूममध्ये पडद्याचे इंच सांगतात, चाकामागे फुकट वाकणारा माणूस मिळत नाही, एवढं मान्य करावंच लागतं.

विजेच्या गाड्या आल्या तेव्हा पोरं म्हणाली, "काका, संपलं तुमचं." काका नेक्सॉन ईव्हीपाशी उकिडवे बसले. इंजिन गेलं होतं. मोटारीपासून चाकापर्यंत ॲक्सल होता, आणि त्यावर बूटही.

"चांगले आहेत," काका उठत म्हणाले. "सध्या."