स्पीडगनवाले काका

अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान एकच वेग असा आहे, ज्यावर कुणी हरकत घेतलेली नाही. 3 ते 7 जून 2022 या दिवसांत लोणी ते माना हा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. भागाकार केला तर ताशी 710 मीटर. मुर्तिजापूरच्या शकुंतला आगगाडीनंही हसत हसत मागे टाकला असता, पण मोजलेला! बाकीचे वेग आम्ही वऱ्हाडात तोंडानंच मोजतो.

म्हणून सॉफ्टबॉलच्या मैदानावर स्पीडगन आली, तेव्हा वाटलं, आता वाद मिटले. झालं उलटं. वादांना दशांशचिन्ह मिळालं.

गन बिचारी प्रामाणिक. लहरी सोडते, बॉलवर आपटून परतलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली ते पाहते आणि आकडा देते. अट एकच, बॉल सरळ तिच्याकडे यायला हवा. म्हणजे कॅचरच्या मागे, जाळीआड उभं राहायचं. पण तिथे वऱ्हाडचं ऊन. म्हणून गनवाले काका मंडपाच्या सावलीत, पानाचा डबा मांडीवर घेऊन बसतात. बॉलच्या रेषेशी 25 अंशांचा कोन झाला, की 90 चा बॉल 82 दिसतो. कोनानं आकडा घटतोच, वाढत कधीच नाही, हे काकांना त्रिकोणमिती न शिकता कळलेलं आहे. त्यामुळे अकोल्याची पिचर आली, की खुर्ची आणखी सावलीकडे सरकते. घरची पोरगी टाकायला लागली, की काकांना उन्हाचं वावडं उरत नाही.

आकडा वाढवायची सोयही आहे. बॅट जोरात फिरली, की गन कधी कधी बॉल सोडून बॅटीचाच वेग उचलते. हसू नका. 2022 मध्ये डब्लिनला टीव्हीच्या पडद्यावर भुवनेश्वर कुमारचा चेंडू ताशी 208 किलोमीटरनं गेला होता, आणि 2024 मध्ये ॲडलेडला सिराजचा 181.6 नं. शोएब अख्तर 161.3 वर उगाच छाती फुगवतो. एवढ्या खर्चिक प्रक्षेपणात हे चालतं, तर काकांनाच का धरा?

गन तपासायला नादकाटा असतो. तो वाजवून समोर धरला, की ठरलेला आकडाच यायला हवा. काकांना विचारलं, तर म्हणाले, ‘‘थो भजनी मंडळानं नेला.’’

खरे गिऱ्हाईक मात्र बाप लोक. अमेरिकेच्या मोनिका ॲबटनं 2012 मध्ये ताशी 77 मैल, म्हणजे सुमारे 124 किलोमीटरचा बॉल टाकून गिनीजमध्ये नाव लावलं. आमच्याकडचा प्रत्येक बाप आपल्या लेकीला तिच्या दोन-चार किलोमीटर मागे धरून चालतो. ‘‘काकाजी, माह्या पोरीचा बॉल दिसतच नाही,’’ हे त्याचं मोजमाप.

परवाच्या सामन्यात अशाच एका लेकीनं सातव्या डावात कमाल केली. हात तसाच गरगर फिरवला आणि सोडला चेंजअप, म्हणजे मुद्दाम हळू बॉल. बॅटरची बॅट फिरून गेली, बॉल मागून निवांत आला. तिसरा स्ट्राइक, सामना खिशात, पोरी एकमेकींच्या अंगावर. बाप तेवढा गनकडे पाहत उभा. आकडा 61.

‘‘काकाजी, हे काई खरं नोहे,’’ तो खालच्या आवाजात म्हणाला. ‘‘वीसेक वाढवून देता येते काय, पाहा ना. सर्टिफिकेटावर लिहा लागते.’’