तिसऱ्या पाळीचे हॅमकाका

निगडी-प्राधिकरणात एखाद्या गच्चीवर लांबलचक वायर दिसली, आणि ती ना केबलवाल्याची ना कपडे वाळत घालायची असली, तर खाली कुठल्यातरी मजल्यावर एक हॅमकाका, म्हणजे हौशी रेडिओवाले, राहतात असं खुशाल समजावं. वय पंचावन्नच्या आसपास, चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्सला, खिशाला टेस्टर. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं फर्निचर बघतात, हे गच्ची बघतात. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा काकांनी मुलाच्या पगाराआधी इमारत किती मजली ते विचारलं, असं काकू अजून सांगतात. तेरा मजली म्हटल्यावर काका जागच्या जागी खूश. १६० मीटरच्या लहरीचा पाव हिस्सा म्हणजे ४० मीटर. जावयाच्या गच्चीवरून अँटेनाची वायर सरळ खाली सोडता येणार!

हौशी रेडिओवाले दिवसाढवळ्या, चहा पीत बोलता येईल असे बँडही वापरतात. काकांना मात्र खालचेच हवेत: १६०, ८० आणि फार तर ४० मीटर. या लहरी दिवसा वातावरणातला ‘डी’ नावाचा थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि मग त्या थेट युरोपापर्यंत पोचतात. थोडक्यात, छंदसुद्धा तिसऱ्या पाळीचा. फक्त ओव्हरटाइम नाही.

त्यातून जगभरच्या जास्तीत जास्त रेडिओवाल्यांशी बोलायच्या स्पर्धा असतात, त्यांचं पंचांग भलतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ची मोर्सची फेरी, म्हणजे तुळशीचं लग्न उरकून खरे मुहूर्त सुरू झाले की लगेच. जानेवारीअखेर १६० मीटरची, ती आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेतीनला सुरू होते. या दोन तारखांना घरातल्या कुणी लग्न काढायचं नाही, बारसं नाही, आणि शक्यतो आजारीही पडायचं नाही.

रात्रभर जागून काका बोलतात काय? वर्ल्डवाइडमध्ये ‘पाच नऊ नऊ, बावीस’. पहिले तीन आकडे समोरच्याचा सिग्नल कसा येतोय त्याचे, बावीस हा भारताचा झोन. गंमत अशी की सगळेच सगळ्यांना पाच नऊ नऊ देतात, म्हणजे ‘खणखणीत ऐकू येतंय’. आणि लगेच पुढे विचारतात, ‘तुमचं नाव परत सांगा, परत सांगा, परत सांगा.’ इतकी सभ्य थाप मी लग्नाच्या बैठकीतही ऐकलेली नाही. गुणांचा हिशोब तर त्याहून न्यारा. बल्गेरियाशी बोललं की तीन गुण, श्रीलंकेशी एक, बंगळुरूच्या जुन्या मित्राशी शून्य. शेजाऱ्यांशी काका फारसे बोलत नाहीत, ते बहुधा यामुळेच.

पण काकांचं खरं वैर आहे ते गोंगाटाशी. कानाला ऐकू येणाऱ्या नव्हे, रेडिओला ऐकू येणाऱ्या. आणि राहायला जागा कुठली निवडली, तर एका अंगाला भोसरी, दुसऱ्या अंगाला चाकण! मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह, वेल्डिंग मशिनं, घरोघरचे इन्व्हर्टर आणि स्वस्तातले एलईडी, सगळे मिळून खालच्या बँडवर अखंड खरखर करतात. इथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी बँड कसा स्वच्छ, पण स्पर्धा नेमकी शनिवार-रविवारी. जगाने स्पर्धा गुरुवारी घ्यावी असं काकांचं प्रामाणिक मत आहे.

स्पर्धेच्या आठवड्यात रात्री अकराला काका जिन्यात दिसतात. पायात स्लिपर, कानाला जुना ट्रान्झिस्टर, कुठलंच स्टेशन नसलेल्या जागी लावलेला. दारादाराशी थांबतात, ट्रान्झिस्टर आडवा करतात, उभा करतात. खरखर वाढली की बेल वाजवतात. ‘वहिनी, दिवाळीची माळ अजून काढली नाहीत वाटतं?’ वॉचमनने पहिल्या वर्षी त्यांना चोर समजून धरलं होतं. आता तो स्वतःच टॉर्च घेऊन मागे चालतो. ज्याच्या घरचा बल्ब दोषी सापडेल त्याला काका पदरचे पैसे घालून चांगला आणून देतात. आमच्या अख्ख्या विंगेत काकांचाच उजेड आहे.

उलट तक्रारीही आहेत. काकांनी मोर्सची की दाबली की जिन्यातला सेन्सरचा दिवा उघडझाप करतो. सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी दरवर्षी विचारतात, ‘मोबाइलच्या जमान्यात हे कशाला?’ काका दरवर्षी उभे राहून २००४ सांगतात: दिल्लीच्या भारती प्रसाद छंदापायी अंदमानला रेडिओ लावून बसल्या होत्या, २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन कोलमडले आणि पोर्ट ब्लेअरमधून त्यांच्याच रेडिओवरून निरोप गेले. ही हकीकत आता सभासदांना पाठ आहे, आणि ती खरी असल्यामुळे वायर काढायचा ठराव दरवर्षी पुढच्या सभेवर जातो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या इमारतीत असे कुणी असतील तर एवढंच करा: जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी माळ बंद ठेवा, डास मारायची रॅकेट चार्जिंगला लावू नका, आणि गच्चीवरच्या त्या वायरवर ओली चादर तर मुळीच टाकू नका.