आजारी पोपटाचे पराभवशास्त्र

पराभवाचे दुःख ज्याचे त्याने आपापल्या परीने करावे, असा प्रघात जगात इतरत्र असला, तरी इंग्लंडच्या फुटबॉलने १९७०च्या दशकात या दुःखाचे रीतसर प्रमाणीकरण करून टाकले. जिंकलेल्या संघाचा मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडणारा, डावपेच ठरवणारा आणि संघ हरत राहिल्यास सर्वांत आधी नोकरी गमावणारा गृहस्थ, ‘ओव्हर द मून’, अर्थात चंद्राच्याही वर पोहोचलेला असे. हरलेल्याने ‘सिक ॲज अ पॅरट’, अर्थात पोपटासारखे आजारी असावे, अशी अपेक्षा होती. बरोबरीत सुटलेल्या सामन्यासाठी चंद्र आणि पिंजरा यांच्या दरम्यान कोणतीही अधिकृत जागा नव्हती. (मराठीत ज्याचा ‘पोपट होतो’ त्याचे हसे होते; इंग्रजी पोपटाला सहानुभूती मिळते, एवढा भेद येथे नोंदवून पुढे जाणे बरे.)

या पोपटाची वंशावळ विद्वानांनी मोठ्या आस्थेने शोधली आहे. सतराव्या शतकात ॲफ्रा बेन या नाटककर्तीने उदास व्यक्तीला आजारी पोपटाची उपमा दिली होती, तर १९२९-३० मध्ये पोपटांपासून माणसांना होणाऱ्या ‘सिटॅकोसिस’ या फुप्फुसांच्या आजाराची साथ अनेक देशांत पसरली होती. मात्र यांपैकी नेमका कोणता पोपट फुटबॉलच्या मैदानावर उतरला, याचा निर्णय लागलेला नाही. टॉटनहॅमच्या समर्थकांची तर अशी दंतकथा आहे की, क्लबचा पाळीव पोपट १९१९ साली नेमका तेव्हाच मेला, जेव्हा पहिल्या विभागातील त्यांची जागा मतदानाने आर्सेनलला देण्यात आली. ते मतदान १८ विरुद्ध ८ असे झाले होते. पोपटाचा मृत्युदाखला मात्र उपलब्ध नाही.

वंशावळीपेक्षा या वाक्प्रचाराची उपयुक्तता अधिक अभ्यसनीय आहे. बचावफळी का कोसळली, महागडा खेळाडू राखीव बाकावर का बसला, असले अप्रिय प्रश्न पत्रकाराच्या ओठांवर येण्यापूर्वीच मॅनेजरने पोपट पुढे केला की, कारणमीमांसा आपोआप टळत असे आणि पत्रकारालाही तयार मथळा मिळाल्याने कोणाचीच तक्रार उरत नसे. ‘प्रायव्हेट आय’ या विनोदी पाक्षिकाने या पोपटपंचीची यथेच्छ टर उडवली, तेव्हा कुठे मॅनेजरमंडळी सावध झाली. हल्ली ती केवळ ‘निराश’ असतात आणि पराभवातून ‘सकारात्मक गोष्टी’ वेचतात. हा बदल प्रगती म्हणून मिरवला जातो, परंतु त्यात पक्षी गेला आणि टाळाटाळ तेवढी राहिली.

या वाक्प्रचाराचे गाजलेले उदाहरण लिव्हरपूलच्या फिल थॉम्पसनच्या नावावर नोंदले जाते. २२ मार्च १९७८ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर लीग कपचा अंतिम सामना दुसऱ्यांदा खेळवला गेला, कारण वेम्ब्लीवरील पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला होता. थॉम्पसनने नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या जॉन ओहेअरला पाडले आणि ही आगळीक पेनल्टी क्षेत्राच्या, म्हणजे गोलसमोरील आखीव चौकटीच्या, बाहेर घडल्याचा लिव्हरपूलचा दावा असूनही पंचांनी पेनल्टी दिली. त्या एकमेव गोलवर फॉरेस्टने चषक नेला. पंचांचे नाव पॅट पार्ट्रिज होते आणि पार्ट्रिज म्हणजे तित्तर, त्यामुळे निकालात पक्ष्यांचा हात असल्याचा संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही. पोपटाचे दुखणे मात्र फार टिकले नाही: सात आठवड्यांनी, १० मे रोजी, वेम्ब्लीवर ब्रुग्जला १-० हरवून लिव्हरपूलने युरोपियन कप जिंकला आणि त्या संघात थॉम्पसनही होता.