साडूंची दिवाबत्ती

मनुष्य स्वतःच्या घरात स्वतःशीच जुगार खेळू लागला म्हणजे त्याला जिंकण्याची आशा उरत नाही आणि हरण्याची धास्तीही उरत नाही. मग शिल्लक राहिलेला सारा पुरुषार्थ तो यंत्राच्या दिवाबत्तीत ओततो, हा सिद्धान्त मी नेवाडा राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या साडूंच्या अवलोकनावरून निश्चित केला आहे. नेवाडाने 1931 साली द्यूतास राजमान्यता दिली, आणि तेथील नियमांन्वये स्लॉट मशीन नामक जुगारी यंत्राने गिळलेल्या रकमेपैकी निदान शेकडा 75 तरी कालांतराने खेळणारांच्या पदरी परत पडावी लागते. आमच्या या साडूंचे, म्हणजे अण्णासाहेबांचे, घरचे यंत्र मात्र शेकडा 100 परत करते, कारण खालच्या डब्याची किल्ली त्यांच्याच जानव्याला असते. (आपल्या महाराष्ट्र सरकारने 1976 साली कॅसिनोंच्या नियंत्रणाचा कायदा केला, तो कधीच अंमलात आणला नाही आणि 2023 साली रद्द केला; बटणच न बसविलेला दिवा काढून टाकण्याची ही तऱ्हा मला, सरकारी नोकर या नात्याने, फारच ओळखीची वाटली.)

यंत्र रेनोच्या इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजीचे, एस-प्लस नावाचे, तीन चाकांचे; कॅसिनोच्या सेवेतून निवृत्त होऊन गॅरेजात मोटारीशेजारी पेन्शन खात बसलेले. इंगे टेलनेस नामक गृहस्थास 1984 साली ज्या कल्पनेचे पेटंट मिळाले, तिच्यामुळे या जातीच्या यंत्रात निकाल चाके थांबण्याच्या आधीच, आतल्या चिपेने काढलेल्या यादृच्छिक संख्येवरून, लागून गेलेला असतो. चाके फिरतात ती केवळ तो हुकूम चारचौघांत वाचून दाखविण्यासाठी. माझी हयात दप्तरात गेल्यामुळे, निकाल अगोदर लिहावा आणि सुनावणी मागाहून ठेवावी, या पद्धतीचे मला नवल वाटले नाही. अण्णासाहेबांचे म्हणणे एवढेच की, सुनावणी नाममात्र असली तरी ती स्वच्छ उजेडात व्हावी.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लिबर्टी बेल’ बांधली तेव्हा ही विवंचना नव्हती. तीन घंटा एका रांगेत आल्या की पन्नास सेंट हाती पडत, आणि त्या घंटा दिसण्यापुरता उजेड गुत्त्याचा मालक पुरवीत असे. आता मात्र यंत्राचा दरवाजा उघडावा तो आत दिव्यांचे एक स्वतंत्र खातेच: माथ्यावरच्या रंगीत काचेमागे एक नळी, चाकांपुढे दुसरी, पोटाच्या काचेमागे तिसरी. तिन्ही नळ्यांची टोके काजळलेली, चोक अखंड गुणगुणणारा, आणि स्टार्टर असा की तीनदा डोळे मिचकावल्याशिवाय तो कोणत्याही कामास हात घालीत नसे. तापलेल्या धुळीचा वास तर असा खमंग की अण्णासाहेबांच्या सौभाग्यवती अक्का स्वयंपाकघरातून विचारीत, “अहो, काही करपतंय का?”

अण्णासाहेबांनी वीज तोडली, चोक व स्टार्टर यांना सेवामुक्त केले, पारा असलेल्या नळ्या जपून बाजूस ठेवल्या, आणि बारा व्होल्टची एलईडीची पट्टी, प्रत्येक तीन दिव्यांमागे असलेल्या कात्रीच्या खुणेवर कापून, काचांमागे चिकटविली. पट्टी 6500 केल्विनची होती, म्हणजे निळसर पांढरी; अधिक केल्विन म्हणजे अधिक गुण, अशी त्यांची परीक्षार्थी समजूत. तिने धूळ, ओरखडे आणि चाकांवरील पट्ट्यांची झीज यांचा निःपक्षपाती पंचनामा केला. परंतु अशा थंड प्रकाशात तांबडा अंश तुटपुंजा असल्याने लाल सात अंक पंडुरोग्यासारखा निस्तेज झाला आणि चेरी अशी काळवंडली की तिला फळ म्हणण्यास पुरावा मागावा लागला. शिवाय पट्टीतला एकेक दिवा समोरच्या काचेत ठिपक्यासारखा उमटे, तो वेगळाच.

“अण्णासाहेब,” मी म्हणालो, “सोन्याच्या पेढीतला दिवा कधी पांढरा पाहिलात काय?”

“नानासाहेब, तुम्हाला केल्विन कळत नाही,” ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी 3000 केल्विनची पट्टी मागविण्यात आली, आणि तिच्यावर अक्कांच्या मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर, अक्कांच्या परवानगीवाचून, पांघरण्यात आला. ठिपके विरले, सात पुन्हा तांबडा झाला. माझ्या मते कॅसिनोवाल्यांना हे शहाणपण उपजतच असावे, कारण ज्या उजेडात माणसाला खिसा स्पष्ट दिसतो तो उजेड त्यांच्या काय कामाचा?

आता यंत्र इतके देखणे झाले आहे की अण्णासाहेब त्यात नाणे टाकीत नाहीत. गॅरेजातला मोठा दिवा मालवून समोर खुर्ची टाकून बसतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास दरवाजा उघडून आतली जोडणी दाखवितात. अक्काही तेथेच सुईत दोरा ओवतात, कारण ओट्यावरची नळी दिवाळीपासून बंद आहे. पट्टीचा हातभर तुकडा उरला आहे, तो ओट्यावर लावून मिळावा, असा त्यांचा तोंडी अर्ज आहे. अण्णासाहेबांनी तो दाखल करून घेतला असून, माथ्यावरच्या काचेला डावीकडे उजेड किंचित कमी पडतो किंवा कसे, याची चौकशी पुरी होईपर्यंत तुकडा राखीव ठेवला आहे.