गोट्याचा फोटू

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला आहे. त्या कापात एके ठिकाणी घागरीएवढे, काही तर स्कूटरच्या चाकाएवढे गोल गोटे मातीत रुतून बसलेत. प्रत्येकाला कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. बोटानं वरचा पापुद्रा ढकलला की तो खापरीसारखा अलगद हातात येतो. आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, आणि अगदी मध्ये काळा कुळकुळीत टणक गाभा. मी गाडी कडेला लावून मोबाइलवर फोटो काढत होतो. शेजारी भुट्टे भाजणारा माणूस बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याला माझी कीव आली.

“तुमी उभे राहा ना जी बाजूले, म्या काढून देतो.”

“मला नको. गोट्याचाच काढतोय.”

“निस्त्या गोट्याचा?” त्यानं निखाऱ्यावरचा भुट्टा उलटला. “काहाले?”

या ‘काहाले’चं उत्तर मला तिथं देता आलं नाही. अख्ख्या वऱ्हाडाला देता येत नाही, तर माझी काय कथा. चिखलदऱ्यात पंचबोल पॉइंटवर पाच वेळा हाक परत येते, ती का येते हे बघायला कोणी कड्याकडे पाहत नाही. भीमकुंडात भीमानं कीचकाला मारून हात धुतले म्हणतात, आणि आपण तिथं जाऊन केस विंचरतो. फोटोत अर्धं डोकं, पाव खांदा आणि कोपऱ्यात उरलेला सातपुडा. पूर्वी जत्रेतल्या स्टुडिओत ताजमहालाचा पडदा असायचा, तेच काम आता कड्याला लावलंय.

या पडद्याचं वय 6.6 कोटी वर्षांच्या आसपास आहे. जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. म्हणून गाविलगडाच्या डोंगरांकडे लांबून पाहिलं की पायऱ्या दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. आणि कांद्यासारखे पापुद्रे? खडकाला आडव्याउभ्या भेगा पडून चौकोनी ठोकळे होतात, भेगांतून पाणी शिरतं, ठोकळ्याचे कोपरे सगळीकडून कुरतडले जातात आणि शेवटी चौकोनाचा गोल होतो. कोपरे असलेल्याला आधी मार बसतो, हे आपल्याकडे खडकालाही लागू आहे.

सरकारदरबारी याच खडकाचं नाव ‘गौण खनिज’. 2013 च्या नियमांत गिट्टी, मुरूम, डबर सगळं त्यात येतं. शंभर घनफुटांचा एक ब्रास. रॉयल्टी भरा, पावती घ्या, डोंगर घेऊन जा. गौण म्हटल्यावर त्याचा फोटो कोण काढणार?

तरी काढणारे आहेत. हौशी मंडळी आहेत, चांगले कॅमेरे आहेत, पहाटे चारला उठून नरनाळ्याच्या महाकाली दरवाजापर्यंत चढणारे पाय आहेत. पण फोटो बाहेर येतो तेव्हा त्याच्या बरोब्बर मध्यभागी, खडकाच्या छातीवर, अमुक फोटोग्राफी आणि खाली दहा आकडी मोबाइल नंबर. शिवाय ‘परवानगीशिवाय वापरल्यास कायदेशीर कारवाई’. डोंगर क्रशरमध्ये गेला तर कोणाचं काही जात नाही; डोंगराचा फोटो कोणी उचलला तर मात्र पोलीस स्टेशन. गडाच्या भिंतीवर कोळशानं स्वतःचं आणि तिचं नाव लिहिणारा आणि फोटोवर वॉटरमार्क ठोकणारा यांच्या शाळा वेगळ्या असतील, वर्गशिक्षक एकच असावा.

मी स्वतः काही वेगळा नव्हतो. माझे कांदे एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आणि तीन महिन्यांनी ते मला एका चौकात भेटले. बारा बाय आठच्या फ्लेक्सवर. पुढे हात जोडून एक ‘भावी’, मागे माझे गोटे, वर ‘खडकासारखं भक्कम नेतृत्व’. ज्या खडकाचा पापुद्रा बोटानं निघतो तो नेमका निवडलेला पाहून मला कलावंताबद्दल आदर वाटला. तरीही फ्लेक्सवाल्याला गाठून मी रीतसर भांडलो. त्यानं शांतपणे विचारलं, “गोटा तुमचा हाय काय?”

गेल्या काही वर्षांत मला कोणी एवढा मूलभूत प्रश्न विचारला नव्हता.

गोटा माझा नाही. फोटो माझा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं तो मी जिवंत असेपर्यंत माझा, आणि मी गेल्यावरही 60 वर्षं माझ्या वारसांचा. पण त्याच कायद्याचं 21 वं कलम असंही सांगतं की निर्मात्याला वाटलं तर तो हा हक्क जाहीरपणे सोडू शकतो. आणि सगळाच सोडायचा नसेल तर 2002 पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत: नाव माझं लावा, बाकी खुशाल वापरा, आणि तुम्ही काही बदल करून पुढं दिलंत तर तेही असंच मोकळं ठेवा. विकिमीडिया कॉमन्स नावाचं कोठार 2004 पासून याच हिशेबानं चालतं. तिथं एक अट मराठी माणसाच्या घशाखाली उतरत नाही. ‘धंद्यासाठी वापरू नये’ असा परवाना तिथं चालत नाही. म्हणजे उद्या कोणी कॅलेंडर छापून पैसे कमावले तरी चालतील. इथं आपला उमेदवार गळतो. स्वतःला त्या फोटोतून आयुष्यात चार आणे मिळणार नसतात. पण दुसऱ्याला मिळाले तर?

याउलट नासा बघा. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. आपल्या बुलडाण्याचं लोणार, उल्का आदळून बेसॉल्टमध्ये पडलेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. जगभर फोटो फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा हा रंग. तेव्हा अमेरिकेच्या उपग्रहानं वरून काढलेली चित्रं कोणीही, न विचारता, फुकट वापरू शकत होता. त्यांच्या सरकारी कामावर तिथं कॉपीराइट लागत नाही. काठावर उभं राहून आपण काढलेल्या फोटोंवर मात्र मोबाइल नंबर होते. आपल्या तळ्याचा फोटो आपल्याला आकाशातून मोकळा मिळतो आणि बसस्टँडवरून मिळत नाही!

याचा तोटा कुठं होतो ते सांगतो. 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडा भागात रस्त्याचं काम चालू असताना स्तंभाकार बेसॉल्ट उघडा पडला. पेन्सिलींचा जुडगा उभा ठेवावा तसे पाच-सहा बाजूंचे खांब. (रस्तेवाल्यांना मी उगाच शिव्या देत नाही, खडक उघडा करतात तेच, आणि फोडतात तेही तेच.) लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे एकमेकांना भेटत खाली उतरतात, त्यातून हे खांब घडतात. आता वऱ्हाडातल्या एखाद्या शाळेतल्या मॅडमना हे वर्गात दाखवायचंय. शोधलं की उत्तर आयर्लंडचा जायंट्स कॉजवे पडद्यावर हजर, त्याचे सुमारे 40 हजार खांब प्रत्येक कोनातून. पोरं लिहून घेतात: असे खडक उत्तर आयर्लंडमध्ये आढळतात. बसनं जाता येईल एवढ्या अंतरावरचा खडक परीक्षेत परदेशी होतो.

आणि अनुशेष! हा शब्द आल्याशिवाय वैदर्भीय लेख पुरा होत नाही, म्हणून घालतो. 2025 मध्ये भारतानं युनेस्कोच्या संभाव्य यादीत डेक्कन ट्रॅपची भर घातली. कुठला ट्रॅप? पाचगणी-महाबळेश्वरचा. तिथले कडे देखणे आहेत, त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. पण सिंचनाचा अनुशेष झाला, रस्त्यांचा झाला, आता दगडाचाही? खडकांच्या वारशासाठी केंद्रानं 2022 च्या डिसेंबरात कायद्याचा मसुदा काढला. अशा कामात पहिला प्रश्न येणार, ‘तुमच्याकडं आहे काय, दाखवा’, आणि आपण दाखवणार भीमकुंडासमोरची मेहुणी.

ज्यांनी नीट दाखवलं त्यांचं उदाहरण घरचंच आहे. 2007 च्या जानेवारीत अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी सोबत्यांना मोर्शीच्या पलीकडे, सातपुड्यात, बैतूल जिल्ह्याच्या हद्दीत चित्रं असलेले शैलाश्रय सापडले. धारूळची अंबादेवी. (अमरावतीच्या गांधी चौकाजवळची अंबादेवी वेगळी, रिक्षावाल्याला नीट सांगा.) त्यांतला कोणी सरकारी उत्खननाला निघालेला नव्हता. रानात फिरणारी माणसं, पण बघितलेलं जगापुढं ठेवायची सवय असलेली.

ठेवायचं कसं, यात मोठी विद्या नाही. गाव लिहा, तालुका लिहा, तारीख लिहा. व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवलेल्या फोटोतून जागेची नोंद गळून पडते, म्हणून मूळ फाइल द्या. ‘निसर्गाचा चमत्कार, नक्की बघा’ हे ठिकाणाचं नाव नव्हे. आणि मापाला काहीतरी शेजारी ठेवा. भूवैज्ञानिक हातोडा ठेवतात, नाहीतर पेन, नाहीतर नाणं. त्याशिवाय सुपारीएवढा गोटा आणि हत्तीएवढा गोटा फोटोत सारखेच दिसतात. भुट्टेवाला म्हणत होता त्यात तथ्य होतं, हे मला घरी येऊन कळलं. माणूस बाजूला उभा हवाच, फक्त मापापुरता.

मग मी कांदे कोठारात टाकले, नाव लावून, मोकळे. ही बातमी अकोल्याच्या मित्राला फोनवर सांगितली. तो हळहळला.

“तुमचं बरं हाय बाप्पा, चिखलदरा हाय. आमच्याकडं गोटाच नाही.”

खरं आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, खडक गाळाच्या थराखाली खोल दडलाय. विहिरीला खारं पाणी लागतं, गोटा लागत नाही. मी म्हटलं, तुझ्या शेतात मे महिन्यात भेगा पडतात ना? हात जाईल एवढ्या? त्यांचे आकार बघ कधी. पाच बाजू, सहा बाजू. काळी माती म्हणजे हाच बेसॉल्ट, कुजलेला. लाव्हा थंड होताना आकसला तसा हा चिखल वाळताना आकसतो. शिबल्याचे खांब आणि तुझं वावर, नकाशा एकच.

तो काही बोलला नाही. मला वाटलं, फोन कटला.

परवा दुपारी दोनला त्याचा फोटो आला. मूळ फाइल, ई-मेलनं. तडकलेली काळी जमीन, उन्हानं पांढरी पडायला आलेली, षटकोनांची जाळी पार बांधापर्यंत. खाली गाव, तालुका, तारीख. वॉटरमार्क नाही. मधल्या भेगेवर आडवी ठेवलेली एक रबरी चप्पल, अंगठा झिजलेला.

सोबत एक ओळ: “मापाले ठेवली. नऊ नंबर हाय.”