जीटीवाला

जीटीवाला म्हणजे ताकदीची गाडी घेऊन तिच्याकडून काटकसरीची अपेक्षा करणारा गृहस्थ. वसई-विरार पट्ट्यात त्याची वस्ती एव्हरशाइन, अंबाडी रोड आणि विरारची ग्लोबल सिटी या भागांत दाट आहे. पूर्वी त्याच्याकडे पोलो जीटी असे. 2022 मध्ये भारतात पोलो बंद झाली आणि तो व्हर्टस जीटीकडे वळला. दोन्ही गाड्या चाकणच्या, त्यामुळे जर्मन गाडीचा मान आणि महाराष्ट्राचा अभिमान त्याला एकाच हप्त्यात मिळतो. 150 अश्वशक्ती हा आकडा तो न विचारता सांगतो. मात्र शोरूममध्ये त्याने पहिला प्रश्न विचारलेला असतो तो ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हाच.

या प्रश्नाचे कागदावरचे उत्तर लिटरला 18 किलोमीटरच्या पुढे आहे. असे आकडे प्रमाणन संस्थेच्या चाचणीतून येतात. गाडी रोलरवर उभी असते, वेग 90 च्या वर जात नाही आणि वाटेत चिंचोटी नाका लागत नाही. जीटीवाल्याला रोज लागतो. वर्सोवा पुलापासून पुढे अहमदाबाद महामार्ग तुंबला, की गाडी जागच्या जागी पेट्रोल पिते आणि अ‍ॅव्हरेजचा आकडा त्याच्या डोळ्यांदेखत उतरत जातो. अशा वेळी तो प्रथम एसी बंद करतो. नंतर घरचे बोलणे सुरू होते, आणि एसी पुन्हा लागतो.

गाडी मालकापेक्षा हुशार आहे, ही या प्रकरणातली खरी गोम. पेट्रोल इंजिनाला कमी काम दिले, की हवेचा पडदा जवळजवळ मिटलेला राहतो आणि हवा ओढण्यातच बरीच शक्ती वाया जाते. म्हणून व्हर्टस जीटीचे दीड लिटरचे इंजिन भार कमी असताना चारांपैकी मधले दोन सिलिंडर बंद ठेवते. उरलेले दोन जास्त जोर लावतात, पण पेट्रोल एकूण कमी लागते. ताकद आणि काटकसर एका बॉनेटखाली नांदवण्याचा हा उपाय मोठ्या व्ही-एट गाड्यांतही वापरला जातो. त्यासाठी अट एकच: पाय हलका हवा. जीटीवाल्याला ही माहिती तोंडपाठ असते. सातिवलीपर्यंत तो ती पाळतोही. तेवढ्यात शेजारून एखादी थार पुढे निघून जाते. मग चारही सिलिंडर कामाला लागतात, टर्बो शिटी घालतो आणि पेल्हारपर्यंत थारला तिची जागा दाखवली जाते.

पुढचे गणित भौतिकशास्त्राचे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 वरून 120 वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो. बुगाटी वेरॉन तर पूर्ण वेगात 100 लिटरची टाकी बारा मिनिटांच्या आसपास रिकामी करते. जीटीवाला हा दाखला आवर्जून देतो, कारण त्यापुढे त्याचे अकरा-बाराचे अ‍ॅव्हरेज साधुसंतांचे वाटते.

त्याच्या बचतीच्या युक्त्या वडिलांच्या पद्मिनीकडून आलेल्या असतात. गायमुखच्या उतारावर तो गाडी न्यूट्रलवर सोडतो. कार्ब्युरेटरच्या काळात याला काही अर्थ होता. आजच्या इंजिनात गिअर तसाच ठेवून पाय काढला, तर उतारावर पेट्रोल पूर्ण तुटते. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. म्हणजे बचत म्हणून तो जे करतो, त्यात वर खर्च होतो आणि गाडीवरचा ताबा कमी होतो तो वेगळा. त्याच उतारावर पडद्यावर दिसलेल्या क्षणिक आकड्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो. आधीच्या चढाचा फोटो कोणी काढलेला नसतो.

पेट्रोलपंपावर तो ‘झिरो बघा’ म्हणायच्या आधीच झिरो बघून उभा असतो. नळी आपोआप थांबल्यावर गाडी हलवून आणखी थोडे भरून घेण्याचाही त्याचा आग्रह असतो. गुजरातेत पेट्रोल लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त, ही बातमी त्याला स्वस्थ बसू देत नाही. मग एखाद्या रविवारी विरार फाट्यावरून मनोर, चारोटी, तलासरी करत तो हद्द ओलांडतो. 45 लिटरच्या टाकीमागे फार तर साडेचारशे रुपये वाचतात. जाऊन-येऊन दीडशेहून अधिक किलोमीटरला त्याच्या पायाने तेरा-चौदा लिटर, म्हणजे तेराशेच्या घरात पेट्रोल जळते. टोल आणि वाटेतली न्याहारी तो या हिशेबात धरत नाही. ‘लाँग ड्राइव्ह झाली ना,’ असे तो म्हणतो.

हल्ली त्याला इथेनॉल सापडले आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. 20 टक्के मिश्रणाने अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटावे, असा हिशेब निघतो. अठरावरून अकरावर आलेली उरलेली घट थारच्या खात्यावर टाकायला हवी. जीटीवाला सगळीच इथेनॉलवर टाकून मोकळा होतो.

तीन-चार वर्षांत तो गाडी विकायला काढतो आणि जाहिरातीत ‘सिंगल हँड, हायवे अ‍ॅव्हरेज 18’ असे लिहितो. या पट्ट्यातली जुनी जीटी घेणाऱ्याने तो आकडा बाजूला ठेवावा आणि टायर व ब्रेकपॅड किती झिजलेत ते मेकॅनिककडून तपासून घ्यावे.